काखेखालचा पट्टा

१

माझ्या वडिलांना सीटबेल्टने मारलं, हे मी पहिल्यांदा एका अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलं.

शुक्रवारी सकाळी मी हरारेहून मास्विंगोला उतरले. स्टँडवर एका कोंबीचा, म्हणजे प्रवासी व्हॅनचा, ड्रायव्हर आपल्या पुढच्या सीटचा पट्टा चाकूने कापत होता. चढायला आलेली बाई थबकली.

"अहो, हे काय करताय?"

"तुमच्याच भल्याचं करतोय, माई. ऐकलं नाही का? काल वाभांदे गेले. पट्टा लावलेले सापडले, खटक्यात घट्ट. ज्याने आयुष्यभर पट्ट्याची भक्ती केली त्याचाच गळा धरला त्याने."

"म्हणजे नको लावायला?"

"तुम्ही बसा हो. मोकळ्या बसा."

भांदे म्हणजे पट्टा, आणि आधीचा 'वा' मानाचा. माझ्या वडिलांना हे नाव गावाने दिलं होतं. अडतीस वर्षं ते गाडी चालवण्याच्या परवान्याचे परीक्षक होते, आणि निवृत्त झाल्यावर आठ वर्षं चर्चमध्ये, शाळेत, याच स्टँडवर फुकट उभं राहून लोकांना पट्टा कसा लावायचा ते दाखवत होते. लोक हसायचे, चिडवायचे, पण हळूहळू लावायला लागले होते.

बाबा गेल्याचं दुःख मी पाच तासांच्या प्रवासात गुडघ्यावर घेऊन बसले होते. ते मला पेलत होतं. पण त्या चाकूचा आवाज मला पेलला नाही. ज्या गोष्टीसाठी माणूस जगला, तीच त्याच्या मरणाने खोटी पडत होती, तीसुद्धा एका दिवसात.

घरी फाटकापाशीच तेते फेलिस्टास स्टुलावर बसली होती. तेते म्हणजे आत्या, बाबांची धाकटी बहीण, वाहतूक पोलिसातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेली. आत बायका गात होत्या, अंगणात पुरुष शेकोटी रचत होते. तिने मला जवळ घेतलं नाही. तळहातावर पेनाने लिहिलेलं काहीतरी समोर धरलं.

"पोलिसांच्या नोंदीतून उतरवून आणलंय. वाच."

मी वाचलं. 'मृत पुढच्या डाव्या सीटवर. पट्टा लावलेला. डाव्या काखेखालून. एक पीळ.'

"काखेखालून?" मी म्हटलं. "बाबांनी?"

"हं."

काखेखालून पट्टा घेणाऱ्या उमेदवाराला बाबा गाडी सुरू व्हायच्या आधीच उतरवत. ते म्हणत, पट्ट्यासाठी देवाने माणसाला दोनच जागा दिल्यात, एक खांद्याचं हाड आणि दुसरं कमरेचं. मधलं सगळं मऊ आहे. पट्टा काखेखाली गेला की धक्का बरगड्यांवर येतो आणि बरगड्या आत घुसतात. पीळ पडलेला पट्टा म्हणजे पट्टा नव्हे, दोरी.

"आता दोनच शक्यता," तेते म्हणाली. "एक तर माझा भाऊ म्हातारपणी वेडा झाला. नाहीतर हा पट्टा त्याच्या हातचा नाही."

ती उठली, पिकअपची किल्ली घेतली.

"रडायला उद्याचा दिवस आहे. चल, आधी गाडी बघू."

२

पोलीस ठाण्यामागच्या मोकळ्या जागेत बाबांची पांढरी गाडी उभी होती. पुढचा भाग चेपलेला, बाकीची धड. पहाऱ्यावरचा शिपाई तेतेला बघून ताठ झाला.

"सार्जंट मॅडम! आत जायला परवानगी लागते हो..."

"तुला शिट्टी वाजवायला कोणी शिकवलं, एनॉक?"

"तुम्ही, मॅडम."

"मग तिकडे जाऊन वाजव."

तेते गाडीभोवती एकदा फिरली. मग समोरच्या काचेच्या डाव्या बाजूपाशी थांबली. काचेला आतून बाहेर फुगलेला एक गोल तडा होता, मडकं आपटल्यासारखा, त्यातून चहूकडे रेघा गेलेल्या. ती सीटवर बसली, पट्टा लावला आणि पुढे झुकली. कपाळ काचेपासून हातभर लांब राहिलं.

"तो माझ्याहून उंच होता का?"

"चार बोटं कमी."

"मग पट्टा लावलेल्या माणसाचं डोकं इथवर पोचलं कसं?"

तिने उजव्या बाजूचा, चालकाचा पट्टा ओढून माझ्या हातात दिला. एका जागी तो चकचकीत झाला होता, नायलॉनच्या कापडावर गरम इस्त्री टेकावी तसा. सोडला तर सैल लोंबत राहिला.

"धक्क्यात माणसाचं सगळं वजन पट्ट्यावर येतं. बकलातून सरकताना पट्टा भाजतो. हा तुझ्या चुलतभावाचा, ट्रायमोरचा. याने काम केलंय. आता डावा बघ."

डावा पट्टा मी पूर्ण बाहेर ओढला. बोटांनी इंच इंच चाचपला. कुठेही चमक नाही, चरा नाही. सोडल्याबरोबर तो झटकन आत गेला, दुकानातून कालच आणल्यासारखा.

"या पट्ट्याने काल कोणालाच अडवलं नाही," तेते म्हणाली.

"म्हणजे बाबांनी पट्टा लावलाच नव्हता."

"नव्हता. आणि तरी पोलीस आले तेव्हा तो लावलेला होता."

शिपाई लांबून आमच्याकडे बघत होता.

"मेलेल्या माणसाला पट्टा लावला कोणीतरी," तेते म्हणाली. "गाडीत आणखी तीनच माणसं होती, आणि ती तिघंही आत्ता आपल्या अंगणात आहेत."

३

ट्रायमोर, माझा चुलतभाऊ, तिशीचा. गाडी तोच चालवत होता. न्यिकाला चर्चच्या बायकांचा मेळावा होता, तिथून परतताना वळणावर गाय आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि मोरीच्या कठड्यावर आदळली.

"मग?" तेतेने विचारलं.

"मग मी रस्त्यावर पळालो, गाड्या थांबवायला. परत आलो तेव्हा काका..." त्याने मान खाली घातली. "तेते, पट्टा होता हो त्यांना. मी बघितला होता छातीवर."

"पट्टा बघितलास की खटका?"

"पट्टा. हाताने धरला होता त्यांनी, असा छातीपासून जरा लांब. अहो, नाकाबंदीवर पोलिसानेसुद्धा बघितलं! खिडकीतून वाकून त्याने आजोबांना विचारावं तसं विचारलं, 'सेकुरू, भांदे?' तर काका म्हणाले, 'अंगावरच आहे रे बाळा. झोपतानाही उतरत नाही.' आम्ही सगळे हसलो."

"गाडी तुझ्याकडे कशी काय दिली त्याने?"

"तेच तर! मी दहा वर्षं मागतोय. काल किल्लीच फेकली अंगावर. म्हणे, 'आज तू चालव, मी मका बघत बसतो.'"

दुसरे झेफानाया, चर्चच्या गायकांचे म्होरके आणि आमच्या घराचे साहविरा. साहविरा म्हणजे पिढीजात मित्र. घरात मरण आलं की प्रेताला अंघोळ घालायचा, खड्ड्यात उतरवायचा मान त्याचा, आणि मेलेल्याची भर दुःखात टिंगल करायचा हक्कही त्याचाच.

"मला काय विचारतेस, फेलिस्टास? आदळल्याबरोबर माझा चष्मा उडाला. त्यानंतर साक्षात देव दारात आला असता तरी मी त्याला पोस्टमन समजलो असतो."

"तू पट्टा लावला होतास?"

"तुझ्या भावाने लावायला लावला. मला नुसता हातात धरायची सवय. पण तो मागे वळून खट् ऐकल्याशिवाय गाडी हलू देईल तर ना! 'झेफानाया, तुझं खट् ऐकू आलं नाही.' लहान मूल आहे का मी?"

आणि तिसऱ्या माई चेंगेतो, शेजारच्या विधवाबाई. भिंतीला टेकून चटईवर बसल्या होत्या. अंगात मेळाव्याचा लाल गणवेश, खळ देऊन कागदासारखा कडक. श्वास घेताना त्या डावी बाजू दाबून धरत होत्या.

"मी डोळे मिटून प्रार्थना करत होते," त्या म्हणाल्या. "मी काहीच बघितलं नाही."

तेतेने कोणालाही जास्त छेडलं नाही. ती अंगणाच्या मध्ये उभी राहून मोठ्याने म्हणाली, "कोबी संपलाय. जळण संपलंय. माझ्याबरोबर एकेकाने या, मी एकटी पिकअप नाही भरणार."

त्या दुपारी आम्ही बाजाराच्या तीन खेपा केल्या. मी मागच्या सीटवर. तेतेच्या शेजारच्या सीटवर आधी ट्रायमोर बसला. त्याने पट्टा खांद्यावरून घेतला, दोन बोटांत धरून वरून खालपर्यंत सपाट केला, कमरेचा भाग खाली हाडावर दाबला, मग खट्. तो बाबांचाच शिष्य होता. झेफानायांनी पट्टा ओढून मुठीत धरला आणि पोलीस दिसतोय का ते बघत बसले. तेतेने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एक सुस्कारा सोडून खटका लावला.

शेवटी माई चेंगेतो कण्हत चढल्या. कडक लाल झग्यावर सुरकुती पडू नये म्हणून त्यांनी डावा हात वर केला, पट्टा काखेखालून घेतला आणि घाईत तसाच पिळासकट अडकवला.

तेतेने किल्ली फिरवली नाही.

"माई, बरगडी त्यानेच मोडलीय तुमची. या पट्ट्याने नव्हे, अशा लावण्याने."

"गणवेश चुरगळतो हो."

"माझ्या भावाचा तर साधा शर्ट होता. त्याला का असा लावलात?"

खळ दिलेल्या बाहीनेच माई चेंगेतोंनी डोळे पुसले.

"ट्रायमोर रस्त्यावर धावला होता. झेफानाया गवतात चष्मा शोधत होते. मी दार उघडलं, तर ते पुढे कलंडलेले, आणि पट्टा बाजूला लोंबतोय. संपलं होतं, फेलिस्टास. मी नाडी बघितली. आणि मग मनात आलं, आता लोक येतील. वाभांदे, आणि पट्ट्याशिवाय! गाव हसेल. त्यांना तसं कसं सापडू देणार होते मी? नीट बसवलं आणि लावला. मला येतो तसा लावला."

"तुम्हाला वाटलं, तुम्ही त्याची लाज झाकताय."

"मग काय झालं ते आज स्टँडवर कळलं मला," त्या म्हणाल्या. "माझ्याच हाताने मी त्यांचं अख्खं आयुष्य कापून टाकलं."

मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला राग यायला हवा होता. नाही आला.

"पण त्यांनी का नव्हता लावला?" मी विचारलं.

"देवाशपथ, मला माहीत नाही. आमचे सगळ्यांचे खटके तपासले त्यांनी. स्वतःचाच का नाही, ते मला कळत नाही."

४

दुपार कलताना बाबांना घरी आणलं. शवपेटी बैठकीत ठेवली, ढोल सुरू झाले, आणि रीतीप्रमाणे सुना पुढे आल्या. मेलेल्याची नक्कल करून रडणाऱ्यांना हसवणं हे आमच्याकडे सुनांचं काम. ट्रायमोरची बायको फुंगिसाई बाबांची टोपी घालून आली. आधी तिने त्यांचं खाकरणं केलं. मग खुर्चीवर बसून खोटा पट्टा ओढला, मागे वळून म्हणाली, "झेफानाया, खट् ऐकू आलं नाही!" बायका डोळे पुसत हसत होत्या. मीही हसले.

मग ती उठून चालायला लागली. डावा कोपर अंगापासून लांब धरलेला, पंख मोडलेल्या कोंबडीसारखा. शर्ट दोन बोटांनी छातीपासून ओढून धरलेला.

"बाबा असे कुठे चालायचे?" मी म्हटलं.

"तू हरारेत, तुला काय ठाऊक!" फुंगिसाई नक्कल न सोडता म्हणाली. "गेले दहा दिवस असेच चालत होते. जुना मऊ शर्ट काय मागायचे, उजव्या कुशीवरच काय झोपायचे. आणि गुलाबी औषध! बनियानला लागलेलं धुऊन धुऊन माझे हात गेले."

"बस कर!"

झेफानाया ओरडले होते. ढोल थांबले. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, कारण गेल्या चाळीस वर्षांत या माणसाने कोणाचीही थट्टा थांबवली नव्हती. थट्टा करणं हेच तर त्यांचं काम.

तेते माझ्याकडे वळली. तिचे ओठ हलत होते. "अंगावरच आहे रे बाळा," ती स्वतःशीच म्हणाली. "झोपतानाही उतरत नाही."

तिने झेफानायांना हाताला धरून मागच्या अंगणात, पपईच्या झाडाखाली नेलं. मी मागोमाग गेले.

"अंघोळ तू घातलीस त्याला. काय बघितलंस?"

"काही नाही."

"झेफानाया, माझा भाऊ आयुष्यात खोटं बोलला नाही. त्या पोलिसाशीही बोलला नाही. भांदे होतं त्याच्या अंगावर. कोणतं, ते तू सांग."

म्हाताऱ्याने चष्मा काढला. मग काही न बोलता आपल्या डाव्या बरगडीवरून पाठीपर्यंत बोटाने एक रुंद रेघ ओढली.

तेव्हा मला कळलं. आमच्या भाषेत भांदे म्हणजे पट्टा, आणि भांदे म्हणजे नागीणही. अर्ध्या अंगाला पट्ट्यासारखी वेढणारी, कपडा टेकला तरी निखारा ठेवल्यासारखी जाळणारी. म्हणून किल्ली ट्रायमोरला. म्हणून पट्टा हातात, छातीपासून लांब.

"पण नागीण म्हाताऱ्या माणसांना होतेच," मी म्हटलं. "लपवायचं काय त्यात?"

"तू लहान होतीस," झेफानाया म्हणाले. "एके काळी, एड्सच्या त्या वर्षांत, आम्ही दर आठवड्याला कोणाला तरी पुरत होतो. त्या आजारात आधी अंगावर भांदे उठायचं. तेव्हापासून हा शब्द इथे कोणी मोठ्याने बोलत नाही. तुझे बाबा मला म्हणाले, 'मी विधुर माणूस, चर्चचा वडीलधारा. लोक बायकोच्या कबरीपर्यंत कुजबुजत जातील.' मी वचन दिलं होतं, पोरी."

"डॉक्टरकडे गेला होता?" तेतेने विचारलं.

"औषधाच्या दुकानात. मित्रासाठी हवंय म्हणून सांगितलं. तर तेवढं एक खोटं बोलला तो, फेलिस्टास. तेवढंच."

आत ढोल पुन्हा सुरू झाले.

"आता दोन रस्ते आहेत," तेते मला म्हणाली. "गप्प बसलीस तर तुझा बाप अब्रूने जाईल आणि उद्यापासून गाव पट्टे कापेल. बोललीस तर पट्टे राहतील, आणि बापाचं जे होईल ते होईल. सोमवारी माईंना घेऊन मी ठाण्यात जाणारच आहे, जबाब बदलायला. पण कागद कोण वाचतं? माणसं उद्या कबरीपाशी असतील. मुलगी तू आहेस."

मी विचार करायला वेळ मागितला नाही. बाबांनी मला वाचायला शिकवलं तेव्हा एकच सांगितलं होतं, अडलेला शब्द गाळून पुढे जायचं नाही.

५

शनिवारी सकाळी दफनभूमीत एवढी माणसं होती की मागची कुंपणाबाहेर उभी होती. कोंबीवाले तर रांगेने आले होते. बाबांच्या हातून ज्यांना परवाना मिळाला ते सगळे. शवपेटी खड्ड्याच्या काठावर ठेवल्यावर मी पुढे झाले. माई चेंगेतोंना मी आधी विचारलं होतं. "बोल," त्या म्हणाल्या होत्या, "माझं नावही घे."

"काल मी स्टँडवर ऐकलं की माझ्या वडिलांना पट्ट्याने मारलं," मी म्हटलं. "ते खरं नाही. त्यांनी पट्टा लावला नव्हता."

गर्दीतून एक आवाज गेला, वाऱ्याने मका हलावा तसा.

"ते गेल्यावर तो कोणीतरी लावला. माई चेंगेतोंनी, प्रेमापोटी, त्यांची लाज राखायला. गाडीत चौघं होती. तिघांचे खटके बाबांनी स्वतः तपासले, ती तिघं इथे उभी आहेत. माईंचा पट्टा काखेखालून होता, त्यांची बरगडी मोडली. झेफानायांचा खांद्यावरून होता, त्यांचा नुसता चष्मा उडाला. पेटीत आहे तो एकच माणूस, ज्याने लावला नव्हता."

"का नव्हता लावला?" कोंबीवाल्यांतून कोणीतरी विचारलं. बहुधा तोच, चाकूवाला.

"कारण त्यांना भांदे झालं होतं. नागीण. अंगाची आग होत होती, आणि तुमची कुजबूज नको म्हणून त्यांनी डॉक्टरला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर आठवडाभर घरी बसले असते आणि जगले असते. ज्याला कुजबुजायचं असेल त्याने आत्ता कुजबुजावं. मी इथेच उभी आहे."

कोणीही कुजबुजलं नाही. कोणी गायलंही नाही. ती शांतता इतकी लांबली की मला वाटलं, मी बाबांना दुसऱ्यांदा मारलं.

मग झेफानाया पुढे आले. त्यांनी खिशातून चर्चच्या गाण्याची वही काढली, ती परीक्षकाच्या पाटीसारखी हातावर धरली, आणि पेटीभोवती सावकाश एक फेरी मारली. वाकून बघितलं, तोंड वाकडं केलं. बाबा उमेदवाराच्या गाडीभोवती फिरत, तस्संच. पुढच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मोयो," त्यांनी बाबांना कुळाच्या नावाने हाक मारली. आवाज बाबांचा होता, अगदी हुबेहूब. "आरसे?" त्यांनी वहीवर खूण केली. "ठीक. प्रवाशांचे पट्टे? उत्तम. स्वतःचा?"

ते थांबले. साहविराने रडायचं नसतं. त्यांनी वही मिटली.

"नापास."

आधी कोंबीवाले हसले, मग बायका, मग सगळी दफनभूमी. माई चेंगेतो बरगडी धरून हसत होत्या आणि रडत होत्या. तेतेने माझा हात धरला. मला एवढंच वाटलं, की निकाल बरोबर आहे. बाबा तिथे उभे असते तर त्यांनीही तोच दिला असता.